पडवीतलं वर्कशॉप ते गणपतीची माटवी : कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

आज रामनवमी, देवळातून प्रसाद घेऊन आले आणि लगेच पडवी साफ करायला घेतली. गाव देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. यंदा गणपतीपर्यंत, म्हणजे २७ ऑगस्टपर्यंत, मी ऑफिसचं काम गावातूनच करणारे आणि सुट्टीच्या दिवशी तीन कामं काढलीयत. पडवीच्या दोन खिडक्यांच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या त्या नवीन करायच्या, कठडा दुरुस्त करायचा आणि गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट जिला नारळ, फळं बांधतात ती, नवी करायची, कारण जुनीचे सांधे सुटलेत आणि मागच्या वर्षी नारळ बांधताना तिची एक बाजू खालीच आली होती. लाकूड घरचं आहे, मागच्या परसातला फणस पडला त्याच्या फळ्या काढून दोन वर्षं माळ्यावर सुकत ठेवल्यात.

हत्यारं बाबांची. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा पत्र्याचा पेटारा कुणी उघडलाच नव्हता. आत पटाश्या, हातरंधा, गिरमिट, आणि मशीनं तीन, ४ इंची ग्राइंडर, रंधा मशीन आणि जुनं ड्रिल ज्याची अख्खी बॉडी धातूची आहे. ड्रिल लावून बघितलं तर फिरलं मस्त पण हाताला मुंग्या आल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून मुंग्यांवर भागलं. वहिनी म्हणाली ते पहिल्यापासून तसंच आहे, बाबा चप्पल घालून चालवायचे. हे ऐकल्यावर मी मशीन खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. 'थोडा करंट मारतो' असं आपण फ्रिजबद्दल, मिक्सरबद्दल, विहिरीवरच्या पंपाबद्दल किती सहज बोलतो, आणि बाबा तेच मशीन धरून पावसात पडवीत उभे असायचे.

प्लग खोलला तर तीन पिनी आहेत पण हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर आतून कापून त्याला टेप मारलेली. कधीतरी ती जोडल्यावर फ्यूज उडत असणार म्हणून कुणीतरी कापली असेल. फ्यूज उडत होता म्हणजे मशीन सांगत होतं की फेज (करंट आणणारी वायर) बॉडीला लागलाय, आणि आपण सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. आता नवीन मशीनं बहुतेक प्लास्टिक बॉडीची, डबल इन्सुलेशनवाली येतात, त्यांच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांना दोनच वायर असतात आणि ते बरोबर आहे. पण धातूच्या बॉडीचं जुनं मशीन असेल तर हिरवी वायर हवीच हवी.

पहिलं काम चौकटी नाही, पहिलं काम लाईटचं.

१३ एप्रिल

वायरमन काका आले. पडवीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला त्यांनी अर्थ टेस्टर आणला होता, रीडिंग ६२ ओहम. मला तेव्हा तो आकडा कळला नाही, मग गणित करून बघितलं. २३० व्होल्टला ६२ ने भागलं की साधारण पावणेचार अँपिअर. म्हणजे समजा फेज मशीनच्या बॉडीला लागला तर अर्थिंगमधून पावणेचार अँपिअर वाहत राहणार, आणि आमच्या बोर्डवर एमसीबी (करंट जास्त झाला की लाईन तोडणारा स्विच) १६ अँपिअरची, तिला एवढ्याने काहीच फरक पडत नाही, ती ढिम्म. बॉडी तशीच जिवंत राहणार आणि आपण एमसीबी आहे ना म्हणून निवांत. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नसते, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं याचं खरंच वाईट वाटलं.

रीडिंग एवढं का, तर जांभा. आपला कातळ पाणी धरून ठेवत नाही, एप्रिलमध्ये तर ठणठणीत कोरडा, आणि अर्थिंगचा खड्डा आजोबांच्या वेळचा, त्यात कुणी पाणी घातलं नाही की मीठ-कोळसा बदलला नाही. काका म्हणाले कातळ फोडत बसण्यापेक्षा जिथे कायम ओल असते तिथे घेऊया. मग न्हाणीचं सांडपाणी केळींना जातं तिथे मातीचा थर आहे, तिथे नवीन पाईप गाडला, आजूबाजूला कोळसा आणि मीठ. रीडिंग १४ वर आलं. चांगलं, पण परत गणित, २३० भागिले १४ म्हणजे सोळा अँपिअरच्या आसपास, १६ ची एमसीबी तेवढ्यावरही लगेच पडत नाही. म्हणजे आपल्या जमिनीत नुसत्या अर्थिंगवर विसंबून भागणार नाही.

म्हणून आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. हिचं तत्त्व मला फार आवडलं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत यायला हवा, ही दोन्हीकडे लक्ष ठेवून असते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्याच कुठल्या वाटेने जमिनीत चाललाय, ती वाट म्हणजे कदाचित आपणच, तर ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडते. साधारण १० मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेलं सोडवत नाही, ३० च्या वर जास्त वेळ राहिला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो, म्हणून आकडा ३० चा. अर्थिंग कमकुवत असलं तरी ही काम करते कारण ती जमिनीकडे नाही, फरकाकडे बघते. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलं तर तिला फरक दिसत नाही, तेव्हा ती वाचवू शकत नाही, हेही काकांनी दोनदा सांगितलं.

बसवल्यावर टेस्ट बटण दाबून बघितलं, पडली. मग बाबांच्या ड्रिलची हिरवी वायर नीट जोडून प्लग लावला, स्विचही दाबला नव्हता तरी लगेच पडली. इतकी वर्षं हा करंट बाबांच्या हातातून जात होता.

ड्रिल कणकवलीला वायंडिंगवाल्याला दाखवलं, तो म्हणाला आतलं इन्सुलेशन गेलंय, भरवसा देत नाही. ते आता बाबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलंय, त्याचा प्लग कापून. नवीन घेतलं.

२० एप्रिल

एक्स्टेन्शन. घरात तीन होते, तिन्ही काढून टाकले. एक टू-कोअरचा, त्यात हिरवी वायरच नाही, म्हणजे टोकाला तीन पिनांचा सॉकेट आहे पण अर्थिंगचं भोक कुठेच जात नाही. दुसऱ्याला मध्ये जोड, टेप उन्हाने चिकट होऊन सुटलेली. तिसरा उंदरांनी कुरतडलेला.

नवीन ड्रम घेतला ३० मीटरचा, थ्री-कोअर, १.५ स्क्वेअर एमएम. दुकानात १ ची वायर स्वस्त होती आणि भाऊ म्हणत होता तीच घे, म्हणून तिचं गणित त्याला करून दाखवलं. ३० मीटर जाऊन ३० येणार म्हणजे ६० मीटर तांबं, १ च्या वायरचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास. १४०० वॅटची करवत सहा अँपिअर ओढते, म्हणजे वायरमध्येच साधारण ३५ ते ४० वॅट उष्णता. वायर जमिनीवर पसरलेली असली तर ही उष्णता निघून जाते, पण ड्रमवर गुंडाळलेली असली तर एका बल्बाएवढी उष्णता त्या वेटोळ्यात कोंडून राहते आणि आतले वेढे मऊ पडून एकमेकांना चिकटतात. म्हणून काम दोन मीटरवर असलं तरी ड्रम पूर्ण उलगडायचा. आणि आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात बारीक वायर म्हणजे मशीन अडखळतं, गरम होतं.

वायर खळ्यातून, म्हणजे अंगणातून, न नेता पडवीच्या खांबांना लाकडी खुंट्या मारून वरून नेली. कोंबड्या, पोरं, पाणी, तिन्हीपासून लांब.

२७ एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

सकाळपासून फणसाच्या फळ्या ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून घासत होते. फणसाचं लाकूड घासलं की आतून पिवळंधमक निघतं, हात थांबत नाहीत. अकराच्या सुमाराला लाईट गेली. आपल्याकडे लाईट जाणं ही काय बातमी नाही, ग्राइंडर टेबलावर ठेवला, मास्क खाली केला आणि कोकम सरबत प्यायला आत गेले. भावाचा सहा वर्षांचा मुलगा पडवीच्या उंबऱ्यावर बसून भुस्सा गोळा करत होता.

दहा मिनिटांनी लाईट आली. पंखा सुरू झाल्याचा आवाज आणि त्याच क्षणी पडवीतून ग्राइंडरचा आवाज. ग्राइंडरचा स्विच सरकवून अडकवायचा असतो, पुढे ढकलून दाबला की लॉक होतो, तो मी बंद केलाच नव्हता कारण मशीन तर लाईट गेल्याने बंदच पडलं होतं. मी धावले तोवर तो टेबलावरून घसरत खाली पडला, जमिनीवर आपटून गोल फिरला आणि स्वतःच्याच वायरवर गेला, ठिणगी उडाली आणि आरसीसीबी पडली. मुलगा उंबऱ्यावर दोन हात अंतरावर होता. त्याला काही झालं नाही. काहीच झालं नाही. हे वाक्य मी आज दिवसभर मनात म्हणतेय.

४ इंची चाक मिनिटाला ११,००० फेरे घेतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग तासाला दोनशे किलोमीटरच्या वर जातो. हे मला माहीत होतं, चष्मा, मास्क, कानाचे प्लग, गार्ड, सगळं मी नीट वापरत होते, पण ते सगळं मशीन चालू असतानाचं. मशीन बंद असताना काय करायचं याचा विचारच मी केला नव्हता. खरं तर ते बंद नव्हतंच, फक्त थांबलेलं होतं.

मोठे काका संध्याकाळी आले, सगळं ऐकून घेतलं, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लाईट गेली काय पयलो प्लग काढूचो, मगे पाणी पी नायतर च्या पी."

आठवडाभर मशीनला हात लावणार नाही.

४ मे

मोठ्या काकांमुळेच सुचलं. काल त्यांच्या बागेत आंबा काढायला गेलो होतो, सीझनचे शेवटचे हापूस, पेट्या भरता भरता लाईट गेली आणि आली आणि काका उठून पंपाच्या खोपीत गेले. म्हटलं कुठे चाललात, तर म्हणाले, "पंपाक स्टार्टर आसा मां, लाईट ईली तरी आपसून चालू होणा नाय, जाऊन बटन दाबूक लागता."

हेच तर हवंय मला! स्टार्टरच्या आत कॉन्टॅक्टर (विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच) असतो, कॉइलला लाईट असेपर्यंत तो संपर्क धरून ठेवतो. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढली जाते आणि कॉन्टॅक्टरचाच एक छोटा संपर्क हिरव्या बटणाच्या जागी उभा राहतो, म्हणून बोट काढलं तरी चालू राहतं. लाईट गेली की कॉइल सोडते, तो छोटा संपर्कही सुटतो, आणि लाईट परत आली तरी कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत काही चालू होत नाही. सुतारकामाच्या मोठ्या मशीनवर हीच सोय नो-व्होल्ट रिलीज म्हणून असते. काही नवीन ग्राइंडरमध्येही आतच देतात, घेताना विचारायला पाहिजे.

वायरमन काकांना फोन केला, त्यांना कल्पना पटली आणि आज त्यांनीच जोडून दिलं, मी फक्त लाकडी बोर्ड केला. आरसीसीबी, तिच्यापुढे एमसीबी, मग २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर, हिरवं बटण, आणि लाल मोठं टोपीसारखं बटण जे कोपराने मारलं तरी बंद होईल. दोन सॉकेट. हे जोडणं ज्याला येतं त्यानेच करावं, मला आकृती समजली होती तरी मी हात घातला नाही.

मग प्रयोग केला, चाक न लावलेला ग्राइंडर शिकंजात धरून चालू केला आणि मेन पाडली. मेन उचलली. पंखा फिरला, ग्राइंडर गप्प. पाच वेळा केलं. भाच्याला शेजारी उभं केलं होतं, त्याला आता काम दिलंय, आत्या, म्हणजे मी, मशीन ठेवून उठली की प्लग काढलाय का ते बघायचं आणि नसेल तर ओरडायचं. प्लगला हात मात्र मीच लावणार.

बोर्ड असला तरी प्लगची सवय सोडणार नाही, कारण स्विच अडकलेला असताना कुणी दुसऱ्याने हिरवं दाबलं तर मशीन सुरू होणारच. चाक बदलताना तर प्लग काढून तो डोळ्यासमोर, मांडीजवळ ठेवायचा.

११ मे

चौकटींच्या सांध्यांसाठी मेस्त्री आलेत. हात सोन्यासारखा, पटाशीने काढलेला सांधा बघत राहावा. पण लांब चिरकामाला त्यांनी पिशवीतून ग्राइंडर काढला, त्याला दात असलेलं लाकूड कापायचं पातं आणि गार्ड नाही. मी म्हटलं मेस्त्री हे इथे नको.

"ताई, वीस वर्सां चलवतंय."

मी त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं, तो अर्धा आहे. ते काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले की तो ह्यानेच गेला, पातं गाठीत अडकलं आणि मशीन उसळून आलं. आणि नंतरही तेच वापरतात, कारण साईटवर सगळे वापरतात आणि करवत मशीनचे पैसे वेगळे. मला त्यांचा राग आला नाही, पण दुकानदार ही पाती ग्राइंडरच्या शेजारी टांगून विकतात त्याचा येतो. ग्राइंडर घासायला आणि धातू-दगड कापायला आहे. दाताचं पातं लाकडात रुतलं की सगळा जोर मशीनवर उलटा येतो, ४ इंची मशीन एका हातात मावणारं, धरायला जागा नाही, मध्ये गार्ड नाही, बंद केल्यावरही चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. गोल करवतीला खालून स्प्रिंगचा गार्ड असतो जो लाकडातून बाहेर आल्या आल्या पात्यावर येतो, बूट असतो जो लाकडावर टेकतो, आणि बोट काढलं की स्विच सुटतो, लॉक राहत नाही.

मी नवीन करवत त्यांच्या हातात दिली. पात्याची खोली एवढीच ठेवायची की दात फळीच्या खाली जेमतेम डोकावतील. फळीला आधार असा द्यायचा की कापल्यावर तुकडा खाली पडेल, पात्यावर मिटणार नाही, करवत उसळते ती मुख्यतः फळी पात्याला चिमटल्यामुळे. पात्याच्या सरळ रेषेत मागे उभं राहायचं नाही, जरा बाजूला. संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या सरळ चिरून झाल्या. जाताना मेस्त्रींनी मशीन कुठून घेतलं ते विचारलं. त्यांना म्हटलं घेऊन जा, मला लागेल तेव्हा आणून द्या.

जुन्या चौकटीचं लाकूड परत वापरणार असाल तर आधी त्यावर चुंबक फिरवा. आमच्या चौकटीत सात खिळे निघाले, रंगाखाली एकही दिसत नव्हता.

२० मे

वळवाचा पाऊस नाही हा, कोसळतोय नुसता. खळ्यातलं टेबल आत घेतलं. एक चौकट बसली, दुसरी अर्धवट.

२५ मे

हवामान खात्याने आज मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. मृगाला अजून दोन आठवडे आहेत आणि माझं सगळं नियोजन मृग धरून होतं. दुसऱ्या चौकटीला ताडपत्री.

ओल्यात वायरचं मशीन नाही हे ठरलेलंच. झड पडवीत येते त्या दिवशी फक्त बॅटरीवरचं १८ व्होल्टचं ड्रिल, त्याने शॉक बसायची भीती नाही, पण बिट बदलताना बॅटरी काढायची, तोच त्याचा प्लग.

हवेचं बघायला हवं. ग्राइंडरची कापायची चाकं रेझिनने बांधलेली असतात, ती दमट हवेत ठेवली की कमजोर होतात, आणि त्यांना एक्सपायरी असते हे मला ह्याच वर्षी कळलं. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. बाबांच्या पेटाऱ्यातली चाकं बघितली, सगळी कधीच संपलेली, कागद पोपडा होऊन सुटलेला. एवढ्या वेगात चाक फुटलं तर तुकडा गोळीसारखा जातो. सगळी मोडून टाकली म्हणजे कुणी चुकून लावणार नाही. नवीन चाकं पापडाच्या हवाबंद डब्यात, माळ्यावर चुलीच्या बाजूला जिथे कोरडं असतं तिथे. चाकावर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा जास्त असला पाहिजे हेही बघून घ्यायचं, मोठ्या चाकाचा आकडा कमी असतो, म्हणून गार्ड काढून ५ इंची चाक ४ इंचीला बसवणं म्हणजे दोन चुका एकदम.

खारी हवा मशीनच्याही आत जाते. काम झालं की कोरड्या ब्रशने जाळ्या साफ करते आणि कपड्यात गुंडाळून ठेवते.

८ जून

कपड्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं आणि बायकांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ओढणी नाही, पदर नाही, गाऊनच्या लोंबत्या बाह्या नाहीत. वेणी गुंडाळून टोपीत. मंगळसूत्र काढून ठेवते, काचेच्या बांगड्याही. आई आधी कुरकुरली, मग मी तिला ड्रिलने ओढलेला चिंधीचा तुकडा दाखवला, क्षणात बोटाएवढा पीळ झाला, त्यानंतर तीच आठवण करते. पुरुषांनी लुंगी आणि गळ्यातला टॉवेल तसाच सोडावा. ड्रिल आणि फिरत्या पात्याजवळ सुती हातमोजेही नकोत, मोजा अडकला तर बोट सोबत जातं.

आज बिट गाठीत अडकून फळीच फिरली आणि मनगट मुरगळलं. हाताने धरून भोक पाडत होते, क्लॅम्प दोन पावलांवर होता. सूज आहे, हळद लावलीय. तेवढी दोन पावलं जायला हवं होतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

पंधरा दिवस काम बंद. आज पहाटे आरसीसीबी पडली, उचलली, परत पडली. शेजारचे म्हणाले पावसात पडतेच ती, आम्ही तर वायर थेट जोडून घेतली. वर्कशॉपची आरसीसीबी वेगळी असल्याने घरातला फ्रिज, दिवे चालू होते, त्यामुळे घाई नव्हती. वायरमन काकांनी एकेक वायर सोडून शोधलं तर जांभ्याच्या भिंतीतून पाणी झिरपून मागच्या सॉकेटच्या डब्यात शिरलं होतं. म्हणजे ती विनाकारण पडत नव्हती. तो डबा भिंतीवरून काढून लाकडी खांबावर घेतला, आता पडत नाही. थेट जोडून घेतली असती तर ओल्या भिंतीला हात लावून कोणीतरी उभं असतं. शेजारच्यांकडे काकांना घेऊन गेले, त्यांची परत जोडून दिली.

दर महिन्याच्या एकादशीला टेस्ट बटण दाबायचं असं ठरवलंय, आई उपास विसरत नाही तर ती हेही विसरू देणार नाही.

३ ऑगस्ट

कठडा झाला. माटवीची चौकट झाली, आतल्या पट्ट्या राहिल्यात. मेस्त्री करवत घेऊन आले, सोबत त्यांचा मुलगा. त्याला पहिली गोष्ट त्यांनीच सांगितली, पातं बदलताना प्लग काढून. मी काही बोलले नाही, चहा ठेवायला गेले.

बंद पडवीत घासताना भुस्सा फार होतो, नाकात पिवळी धूळ. साधा कापडी मास्क पुरत नाही, एन ९५ लावते, आणि त्या वेळी आईला आणि भाच्याला आतल्या खोलीत. ज्यांना फरशी, सिमेंट, ग्रॅनाईट कापायचंय त्यांनी तर पाणी सोडत कापायची सोय असलेलं मशीन घ्यावं आणि तेही आरसीसीबीवरच. त्या धुळीत सिलिका असते, ती छातीत बसली की निघत नाही.

२६ ऑगस्ट

हरतालिका. उद्या गणपती. माटवीचे टाळ (पानांच्या डहाळ्या), कवंडळं, तेरडा, सुपाऱ्यांचे घोस सगळं पडवीत येऊन पडलंय आणि माझी शेवटची दोन भोकं राहिली होती, टांगायच्या कड्यांची, वरच्या वाशात. घरात माणसं भरलेली, मुंबईहून सगळे आलेत, पाच पोरं पायात पायात. सगळ्यांना उंबऱ्याच्या आत केलं, भाचा राखण.

एक भोक झालं आणि लाईट गेली. काळोख. काका आतून ओरडले, "प्लग काढलंस काय गो?" मी शिडीवरून उतरले, चाचपडत गेले, प्लग काढला आणि ओरडून सांगितलं. भाच्याने टॉर्च मारून खात्री करून घेतली.

अर्ध्या तासाने आली. दिवे, पंखा, आतून आरतीच्या स्पीकरची खरखर. बोर्ड गप्प. प्लग लावला, ड्रिलचा स्विच सुटा आहे बघितलं, हिरवं बटण दाबलं, शिडी काकांनी धरली आणि दुसरं भोक पाडलं. माटवी आडवी-उभी मोजली, सारखी. आता नारळ बांधायला घेतलेत.